भट्टी बदलली की माल बदलतो
हाडात बसवल्या जाणाऱ्या सिरॅमिकची तपासणी कशी होते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या आसगावच्या दुकानात शेजारच्या गावचे एक विणकर बांधव कुबड्या टेकत आले. मोटारसायकलवरून घसरून त्यांच्या नडगीचे हाड मोडले होते. नागपूरच्या एका खाजगी इस्पितळात ऑपरेशन झाले, पाय वाचला. हिशेब तपासून द्या म्हणून त्यांनी बिल आमच्यासमोर ठेवले. त्यात धातूची पट्टी होती, स्क्रू होते, आणि त्यांच्याखाली एक ओळ होती : बोन ग्राफ्ट, सिरॅमिक ग्रॅन्युल्स. पुढे रक्कम बरीच मोठी होती. रकमेबद्दल ते काही बोलले नाहीत. म्हणाले, "चाचा, पायात चिनीमाती भरली म्हणतेत. उद्या मागावर बसलो अन् आतल्या आत फुटली तर?"

आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आम्ही कापडाचे व्यापारी. ताका उलगडून बोटांत घेतला की सूत कळते, ओला करून चोळला की रंग पक्का की कच्चा ते कळते. पण हाडात घातलेला माल चोळून कसा पाहायचा? तेव्हापासून आम्ही ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले, आणि जे समजले ते वाचक बंधूंसमोर ठेवत आहोत. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे शास्त्रातली पुष्कळ नावे या वयात नव्याने शिकावी लागली. चूकभूल देणे घेणे.

पहिली गोष्ट म्हणजे ही चिनीमाती नव्हे. भाजून कडक केलेला, धातू नसलेला पदार्थ तो सिरॅमिक, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. आपले हाड वजनाने जवळपास दोनतृतीयांश खनिज असते, आणि त्या खनिजात कॅल्शियम व फॉस्फेट ही मुख्य द्रव्ये. त्याच जातीचा पदार्थ कारखान्यात बनवतात. त्याचे नाव हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. दोघांची भुकटी करतात, तिला बारीक छिद्रे राहतील अशा रीतीने आकार देतात आणि हजार अंशांच्या वर भाजतात. हे दाणे हाडाच्या पोकळीत भरले की छिद्रांतून नवे हाड शिरते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांत विरघळू लागते, हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट वर्षानुवर्षे टिकते. म्हणून पुष्कळदा दोन्हींचे मिश्रण वापरतात.

आमच्या विणकर बांधवांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. या दाण्यांवर शरीराचे वजन टाकायचे नसतेच. वजन पट्टी आणि स्क्रू पेलतात, दाणे फक्त नव्या हाडाला चढायला आधार देतात. विटांची भिंत पक्की होईपर्यंत बांबूची पहाड बांधतो, तसे. दाणा फुटण्याची भीती नाही. भीती दुसऱ्याच गोष्टींची असते, आणि तपासणी त्यासाठी आहे.

तपासणी भुकटीपासूनच सुरू होते. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण १० ला ६ म्हणजे १.६७ असावे लागते. ते ढळले की भाजताना दुसरेच पदार्थ तयार होतात आणि मग शरीरात माल अपेक्षेपेक्षा लवकर विरघळतो. विषारी धातूंची मर्यादा ठरलेली आहे : दहा लाख भागांत आर्सेनिक ३ भागांपेक्षा जास्त नको, कॅडमियम व पारा ५ पेक्षा जास्त नको, शिसे ३० पेक्षा जास्त नको. कच्चा माल खनिजातून येतो, आणि खनिजाबरोबर काय काय येईल याचा भरवसा नसतो, म्हणून ही मोजदाद.

मग विरघळण्याची परीक्षा. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे आयएसओ १०९९३ नावाचे प्रमाण आहे. शरीरात बसणाऱ्या प्रत्येक वस्तूची जैविक परीक्षा कशी घ्यावी ते त्यात सांगितले आहे, आणि त्याचा १४ वा भाग खास सिरॅमिकसाठी आहे. नमुना शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांवर, दोन वेगवेगळ्या पाण्यांत १२० तास ठेवतात. एक पाणी रक्तासारखे, जवळपास तटस्थ. दुसरे लिंबाच्या आम्लाचे, चांगले आंबट. आंबट कशाला? कारण जखमेच्या जागी किंवा हाड खाणाऱ्या पेशींच्या खाली आम्लता वाढते, आणि माल सर्वांत वाईट दिवशी कसा वागेल ते आधी बघायचे असते. नंतर त्या पाण्यात काय उतरले ते मोजतात. आम्हाला हे वाचून हसू आले. आम्ही लुंगीचा तुकडा साध्या पाण्यात आणि मग सोड्याच्या पाण्यात बुडवून रंग बघतो, त्यातलाच हा प्रकार.

त्यानंतर पेशींची परीक्षा. उंदराच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवतात, नमुना भिजवलेले पाणी त्यांना देतात, आणि किती पेशी जिवंत राहिल्या ते पाहतात. ७० टक्क्यांपेक्षा कमी राहिल्या तर माल पेशींना घातक समजला जातो. हे पार पडले की कातडीवर चट्टे येतात का, रक्तावर काय परिणाम होतो, आणि मग जनावराच्या, बहुधा सशाच्या, हाडात नमुना बसवून काही आठवडे ते काही महिने, टिकाऊ मालासाठी वर्षभर किंवा त्याहूनही जास्त वाट बघायची. वेळ झाली की ते हाड पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. हाड दाण्याला चिकटले की मध्ये चामड्यासारखा पडदा आला, यावर निकाल.

इतक्या परीक्षांनंतरही जनावराची परीक्षा का लागते, याचे आपल्याच देशातले उदाहरण आहे, जरी ते हाडाचे नसून हृदयाचे आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या हाताखाली हृदयाची देशी झडप बनवण्याचे काम १९८० च्या दशकात चालले होते. झडपेची तबकडी एका टप्प्यावर कृत्रिम नीलमाची केली होती. नीलम म्हणजे अ‍ॅल्युमिना, सिरॅमिकचाच स्फटिक, अत्यंत कठीण. प्रयोगशाळेत तो चालला. मेंढीच्या शरीरात मात्र तबकडी फुटली. मग नीलम सोडून साध्या दिसणाऱ्या पॉलिइथिलिन प्लास्टिकची तबकडी घेतली, पुन्हा सगळ्या परीक्षा दिल्या, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा माणसाला बसवली. तीच पुढे हजारो रुग्णांना लाभली. कठीण म्हणजे मजबूत नव्हे, हे काचेच्या बांगड्यांचा व्यापार करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

जिथे सिरॅमिकवर खरोखर वजन येते तिथे परीक्षा आणखी कडक असते. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाच्या टोकाला बसवतात तो गोळा पुष्कळदा सिरॅमिकचा असतो. फ्रान्सचे डॉ. बुतँ यांनी १९७० मध्ये अ‍ॅल्युमिनाचा सांधा बसवला, तेव्हापासून हे चालत आले आहे. असा गोळा यंत्रात धरून फुटेपर्यंत दाबतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची अपेक्षा अशी की सरासरी ४६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ४,७०० किलो वजनाइतका दाब सोसला पाहिजे, आणि एकही नग २० किलोन्यूटनच्या खाली फुटता कामा नये. व्यापाऱ्याने या दुसऱ्या अटीकडे लक्ष द्यावे. दहा ताक्यांची सरासरी चांगली असली तरी गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतो तो एकच ताका, आणि तो विटका निघाला तर सरासरी त्याच्या काय कामाची? पण फोडून पाहिलेला गोळा विकता येत नाही. म्हणून प्रत्येक तुकडीतले काही नमुने फोडतात आणि बाकीचे कमी दाबाने तपासून पुढे पाठवतात.

आता ज्या प्रकरणासाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो त्याकडे वळू. त्यासाठी आधी आपल्या जिल्ह्यातला एक दगड आठवावा लागेल. भंडारा जिल्ह्यात दहेगाव-पिंपळगावच्या बाजूला कायनाईट निघतो. निळसर छटेचा हा दगड अ‍ॅल्युमिना आणि सिलिकाचा बनलेला असतो आणि पोलादाच्या व काचेच्या भट्ट्यांना आतून लावायच्या विटांसाठी वापरला जातो. त्याची खोड अशी की जोरदार तापवला की त्याची आतली रचना बदलते आणि तो फुगतो. कच्चा कायनाईट थेट विटेत घातला तर वीट तडकू शकते. म्हणून पुष्कळ ठिकाणी तो आधी भाजून, फुगवून घेतात. (खुब्याचा गोळा काही या दगडातून होत नाही. त्याला फार शुद्ध अ‍ॅल्युमिना लागतो. पण उष्णतेने दगडाचे पोट बदलते, एवढे ध्यानात ठेवावे.)

अ‍ॅल्युमिनापेक्षा चिवट म्हणून १९८५ च्या सुमारास झिर्कोनियाचे गोळे आले. झिर्कोनियालाही फुगण्याची खोड आहे. थोडा यिट्रिया घालून त्याची रचना बांधून ठेवावी लागते, नाहीतर तो थंड होता होताच तडकेल. बांधून ठेवलेली ही रचना ओलाव्याने हळूहळू सुटू शकते, आणि शरीर तर आतून ओलेच. १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता की झिर्कोनियाचा गोळा वाफेने पुन्हा निर्जंतुक करू नये, पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणजे खोड माहीत होती.

फ्रान्समधील सेंट-गोबेन समूहाची डेमार्के ही कंपनी 'प्रोझिर' नावाने असे गोळे बनवत असे. जुन्या पद्धतीत गोळे एका भट्टीत भरत, भाजत, भट्टी थंड करून काढत. आपला कुंभार आवा लावतो तसे, एकेक खेप. त्या गोळ्यांचा अनुभव बराच चांगला होता. १९९८ च्या सुमारास उत्पादन वाढवण्यासाठी बोगद्यासारखी सलग चालणारी भट्टी आणली. एका तोंडाने माल आत, दुसऱ्या तोंडाने बाहेर. भुकटी तीच, साचा तोच, नाव तेच. पण नव्या भट्टीत गोळ्याचा गाभा बाहेरच्या भागाइतका घट्ट भाजला जात नव्हता. बरे, गोळ्याला मांडीच्या दांड्यावर बसवायचे छिद्र भाजल्यानंतर पाडत, त्यामुळे तो कच्चा गाभा छिद्राच्या तळाशी उघडा पडत होता. ओलावा तिथे पोचला, झिर्कोनिया फुगू लागला, बारीक तडे गेले. बसवल्यावर वर्ष-दोन वर्षांत लोकांच्या शरीरात गोळे फुटू लागले. सगळे मिळून सुमारे ४०० गोळे थोड्याच काळात फुटले. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीने नव्या भट्टीचा माल परत मागवला.

फुटलेला सिरॅमिकचा गोळा म्हणजे काय, ते आम्हाला डॉक्टरांनी समजावले. काचेसारखे कण मांसात विखुरतात, सगळे वेचता येत नाहीत, आणि नव्याने बसवलेला धातूचा गोळा त्या कणांवर घासून झिजतो. रुग्णाचे दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड होते. इतके सगळे एका भट्टीच्या बदलामुळे.

मग तपासणी झाली नव्हती का? झाली होती. पण नव्या गोळ्याला दाबून बघितले तर तो दाब सोसत होता. दोष महिनोन्‌महिने ओल्यात राहिल्यावर उघड होणारा होता. शिवाय सगळ्या तुकड्या सारख्या नव्हत्या. काही तुकड्यांत थोडेच गोळे फुटले, काहींत फार मोठ्या प्रमाणात. आम्ही रंगाऱ्याकडे माल देतो तेव्हा हा अनुभव नेहमी येतो. तोच रंग, तेच सूत, पण कढई बदलली, किंवा उन्हाळ्यात विहिरीचे पाणी जड झाले, की लॉट वेगळा पडतो. म्हणून जाणता रंगारी नवी कढई लावली की पहिला घाणा गिऱ्हाइकाला देत नाही. या प्रकरणानंतर झिर्कोनियाचे जुने गोळे खुब्याच्या कामातून जवळजवळ गेले. आज बरेच ठिकाणी अ‍ॅल्युमिनात थोडा झिर्कोनिया मिसळलेला गोळा वापरतात. तो गुलाबी दिसतो, क्रोमियमच्या अंशामुळे. आणि ओल्या उष्णतेत मुद्दाम जुना करून मग फोडून बघण्याची परीक्षा आता घेतात.

आपल्या महाराष्ट्राला मोठा फटका बसला तो सिरॅमिकचा नव्हे, धातूचा. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिपाय कंपनीचा एएसआर हा खुब्याचा सांधा, ज्यात गोळा आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमची होती, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. जगात सुमारे ९३,००० लोकांना तो बसला होता. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण उचलले आणि मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारने समिती नेमली, २०१८ मध्ये नुकसानभरपाईची शिफारस झाली. पण अनेक रुग्णांचा पत्ताच लागेना. कोणाच्या शरीरात कोणत्या लॉटचा माल आहे याची नोंद ना रुग्णाकडे, ना हाताशी कुठे दुसरीकडे. भरपाई मंजूर, पण मागणारा सापडत नाही. उधारीची वही हरवलेल्या दुकानदारासारखी गत.

कायदा पूर्वीपेक्षा पुष्कळ पुढे आला आहे, हे नमूद करायला हवे. २००५ मध्ये हाडांचे इम्प्लांट आणि बोन सिमेंट यांसह काही मोजक्या वस्तू औषधांच्या कायद्याखाली आणल्या गेल्या. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये निघाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यात उपकरणांचे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. हाडात कायम राहणाऱ्या वस्तू वरच्या वर्गांत येतात आणि त्यांचा परवाना केंद्राकडून मिळतो. बिघाड झाला तर कळवण्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाची व्यवस्था आहे. तिचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य फोन आहे. तक्रार डॉक्टरच करू शकतो असे नाही, रुग्णही करू शकतो.

आपल्यातले काही तरुण नागपूर-कामठीकडे सर्जिकल मालाच्या व्यापारात उतरत आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. २०२२ पासून अशा वस्तूंच्या घाऊक वा किरकोळ विक्रीसाठी वेगळे नोंदणी प्रमाणपत्र काढावे लागते. बॅच वा लॉट नंबरासह खरेदी-विक्रीची नोंद हा या धंद्याचा कणा आहे. कापडात आम्ही लॉट नंबर विसरलो तर फार तर एक लुगडे परत येते.

एक प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात नक्की येईल, तो टाळता येणार नाही. हाडाची भुकटी कशापासून? बाजारात कृत्रिम दाणे आहेत, गाईबैलांच्या हाडांपासून बनवलेले आहेत, डुकराच्या हाडांपासूनचेही आहेत. माणसाचे दान केलेले हाडही वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतक पेढी आहे, तिथे ते किरणोत्साराने निर्जंतुक करून दिले जाते. कृत्रिम सिरॅमिकमध्ये जनावराचा अंश नसतो, म्हणून हा प्रश्नच उद्भवत नाही. इतर बाबतीत डब्यावर उगम लिहिलेला असतो, तो ऑपरेशनआधी विचारावा. मसल्याचा निकाल आलिमांकडून घ्यावा, आमच्याकडून नव्हे. आणि जाता जाता आमच्या धंद्याजवळची एक खबर : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधनातून उभी राहिलेली सेरिजेन नावाची कंपनी रेशमाच्या प्रथिनापासून हाडात भरायचे दाणे बनवते. कोशाच्या जिल्ह्यात राहून आम्ही रेशीम फक्त नेसायचे समजत होतो.

विणकर बांधवांना आम्ही विचारले की डब्यावरचा स्टिकर मिळाला का. नाही म्हणाले, कुणी दिला नाही, आणि त्यांना मागायचे ठाऊक नव्हते. अशा डब्यात लॉट नंबर, मुदत, निर्जंतुक करण्याची रीत, कंपनी आणि परवाना क्रमांक असलेले चिकटपत्र असते. ते रुग्णाच्या कागदांवर चिकटवायचे असते. आम्ही त्यांच्या मुलाबरोबर इस्पितळात एक अर्ज पाठवला. पहिल्या खेपेला "रेकॉर्डवाले साहेब नाहीत", दुसऱ्या खेपेला "उद्या या". तिसऱ्या खेपेला ऑपरेशनच्या नोंदीच्या मागच्या बाजूला ते तीन स्टिकर सापडले, पट्टीचा, स्क्रूंचा आणि दाण्यांचा. मुलाने झेरॉक्स आणली. दाण्यांच्या स्टिकरवर "सिंथेटिक" असे छापलेले होते, लॉट नंबर स्पष्ट होता. एक प्रत त्यांनी शिधापत्रिकेच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली, दुसरी आमच्या दुकानाच्या तिजोरीत आहे. दिवाळीनंतर ते पुन्हा मागावर बसले.